मॉरिशसचा भाऊ आणि "डीएनएने सिद्ध झालेली" वंशावळ

आईच्या डीएनएच्या निकालात सगळ्यात वर जो माणूस आला तो मॉरिशसचा निघाला, आणि गंमत म्हणजे ऑनलाइन वंशावळीत तो आधीच आमचा नातेवाईक होता. त्याचा पूर्वज आणि आईचे खापरपणजोबा सख्खे भाऊ, असं तिथे चक्क लिहिलेलं, वर हिरवी खूण, "डीएनएने सिद्ध". म्हणजे काम संपलं ना? आईला तर तसंच वाटलं, तिने लगेच रत्नागिरीला मामाला फोन लावला की अरे आपला एक भाऊ मॉरिशसला आहे म्हणून. मी मात्र जरा संशयी, ऑडिटमध्ये आयुष्य गेलंय, तेव्हा मी म्हटलं की ही हिरवी खूण कोणी लावली आणि कशावरून लावली ते तरी बघू. त्या बघण्यात पुढचं सगळं घडलं.

आधी टेस्टबद्दल थोडं. आम्ही हॅरोला राहतो, लंडनच्या वायव्येला, आणि आई उन्हाळ्यात आमच्याकडे येऊन राहते. माझी स्वतःची टेस्ट न करता मी आईची केली, कारण साधा हिशोब आहे, मला आईचा निम्माच डीएनए मिळालाय, उरलेला निम्मा तिच्याकडेच आहे, तेव्हा घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाची टेस्ट करावी म्हणजे एक पिढी मागे जाता येतं. नळीत थुंकायचं होतं आणि त्याआधी अर्धा तास काही खायचं प्यायचं नाही. आईचा सकाळचा चहा पुढे ढकलणं हे त्या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात अवघड काम होतं. तिने विचारलं, "यात जात कळते का गं?" नाही कळत. टक्केवारीचं जे रंगीत चक्र येतं ना, अमुक टक्के दक्षिण आशिया, तमुक टक्के आणखी कुठलं, ते आज जिवंत असलेल्या आणि नमुना दिलेल्या लोकांशी केलेली तुलना असते, कंपनीने नमुने वाढवले की टक्के बदलतात, आईचेही एकदा बदलले. ते करमणूक म्हणून बघावं आणि सोडून द्यावं. खरा माल म्हणजे मॅचची यादी, म्हणजे तुमच्या डीएनएचे काही तुकडे जसेच्या तसे आणखी कोणाकडे आहेत त्याची यादी.

ही यादी आपली आणि गोऱ्या लोकांची फार वेगळी असते. माझ्या ऑफिसातल्या बाईची यादी संपतच नाही, कारण ज्या कंपन्यांकडे कोटींनी नमुने आहेत ते बहुतेक अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियातले. भारतात राहणाऱ्यांनी फारशा टेस्टच केलेल्या नाहीत, त्यामुळे आपल्या यादीत वर येतात ते एक तर आपल्यासारखे परदेशी गेलेले, नाहीतर दीडशे वर्षांपूर्वी गेलेल्यांची नातवंडं पतवंडं, मॉरिशस, रियुनियन, दक्षिण आफ्रिका अशी. कोकणातल्या आमच्या गावात आईचे सत्तर ऐंशी भाऊबंद असतील, यादीत त्यातला एकही नाही. तेव्हा "सगळ्यात वरचा मॅच" याचा अर्थ सगळ्यात जवळचा नातेवाईक असा होत नाही, टेस्ट केलेल्यांपैकी सगळ्यात जवळचा एवढाच होतो.

मॅच होता ४६ सेंटीमॉर्गनचा. सेंटीमॉर्गन म्हणजे तुकड्याची लांबी मोजायचं माप समजा. आई आणि मुलीत साधारण ३,४०० ते ३,५०० असतात, सख्ख्या चुलत मामे भावंडांत सरासरी ८६६, पण ३९६ पासून १,३९७ पर्यंत काहीही निघू शकतं. तिसऱ्या पिढीतले कझिन, म्हणजे ज्यांचे खापरपणजोबा एक, त्यांची सरासरी ७३. चौथ्या पिढीतले, त्यांची ३५, पण शून्य ते १३९ पर्यंत आढळलेत. हे आकडे माझे नाहीत, ब्लेन बेटिंजर नावाच्या अमेरिकन माणसाने हजारो लोकांकडून स्वतःहून पाठवलेली माहिती गोळा करून तक्ता बनवलाय, २०२० चा, सगळे तोच वापरतात. आता या तक्त्यात ४६ कुठे कुठे बसतो बघा. तिसऱ्यात बसतो, चौथ्यात बसतो, पाचव्यातही बसतो, एखादी सावत्र आजी मध्ये असेल तर आणखी चार ठिकाणी बसतो. साइट काय करते, तर "तिसरा ते पाचवा कझिन" असं लिहून मोकळी होते. नातं आहे हे डीएनए सांगतो, कुणाकडून आहे हे सांगत नाही, आणि लोक नेमका दुसरा भाग वंशावळीतून उचलतात.

आणि आपल्याकडे त्यातही एक पाचर आहे. लग्नं सगळी जातीत, त्यातही पंचक्रोशीत, त्यात मामेबहिणीशी लग्न चालतं. आईच्या घरातच तिच्या काकांनी मामाची मुलगी केलेली. अशा समाजात दोन माणसं एका वाटेने नाही, चार वाटांनी नातेवाईक असतात, प्रत्येक वाटेने बारीक बारीक तुकडे येतात, त्यांची बेरीज होते आणि दूरचा माणूस जवळचा दिसायला लागतो. म्हणून नुसता एकूण आकडा बघायचा नाही, सगळ्यात मोठा तुकडा केवढा ते बघायचं. सातच्या खालचे तुकडे तर बऱ्याचदा खोटेच असतात, योगायोगाने जुळलेले. आमच्या मॅचमध्ये चार तुकडे होते, सगळ्यात मोठा १९ चा. म्हणजे अगदी चुरा नाही, काहीतरी खरं आहे. पण सातआठ पिढ्यांमागचंही असू शकतं.

मग मी त्या मॉरिशसच्या गृहस्थांना मेसेज केला. नाव देत नाही त्यांचं. पन्नाशीचे, शाळेत शिकवतात, मराठी वाचता येतं, बोलताना मध्ये मध्ये क्रिओल येतं. तिकडे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते आणि जाखडी अजून नाचतात हे ऐकून आईला त्यांच्याबद्दल जी माया उत्पन्न झाली ती कुठल्या सेंटीमॉर्गनमध्ये मोजता येणार नाही. ते आईला मावशी म्हणतात. आई पहिल्याच व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "कान बघ त्याचे, अगदी आपल्या अण्णांसारखे." कानांवरून नाती लावायची पद्धत डीएनएपेक्षा जुनी आहे आणि तेवढ्याच आत्मविश्वासाने वापरली जाते.

त्यांच्याकडचा कागद मात्र पक्का होता. १८३४ ते १९२० या काळात जवळजवळ पाच लाख लोक भारतातून करारावर मजूर म्हणून मॉरिशसला नेले, पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर त्यांना उतरवायचे तो आप्रवासी घाट २००६ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. बहुतेक लोक कलकत्त्याहून गेले, बिहारकडचे, पण मद्रासहून आणि मुंबईहूनही जहाजं गेली आणि मुंबईहून गेलेल्यांत कोकणातली माणसं बरीच. उतरणाऱ्या प्रत्येकाला नंबर मिळायचा, तो नंबर मग त्याच्या लग्नाच्या, मुलांच्या कागदांवर दिसतो. या नोंदवह्या मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये ठेवलेल्या आहेत आणि वंशजांना त्यातून उतारा मिळतो. यांच्याकडे तो उतारा होता, नंबर, जहाज, वय, उंची, बापाचं नाव, जिल्हा रत्नागिरी. गावाच्या रकान्यात जे लिहिलंय ते वाचून मी, आई आणि मामा तिघांनी तीन वेगवेगळी गावं सांगितली. कारकुनाने ऐकलं तसं इंग्रजीत लिहिलेलं, आणि सांगणारा माणूस मालवणी बोलत असणार नाहीतर संगमेश्वरी, काय ऐकू आलं असेल त्याला. आडनावाचा तर पत्ताच नाही. पहिल्या माणसाचं किंवा त्याच्या बापाचं नाव पुढे कुटुंबाचं आडनाव होऊन बसलं, तिकडे गणू, बापू अशी आडनावं त्यातूनच आलेली.

आता हिरवी खूण. ती कोणी लावली याचा माग काढायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. झालं असं की आमच्या मामेभावाने, मामाच्या मुलाने, २०२३-२४ मध्ये कुणबी नोंदी शोधायची जी धांदल उडाली होती त्यात वंशावळ तयार केली होती. शिंदे समिती नेमल्यावर गावोगाव जुनी दप्तरं बाहेर निघाली, गाव नमुना १४, कोतवाल बुक, शाळेचं प्रवेश निर्गम रजिस्टर, मोडीतली कागदपत्रं, मोडी वाचणाऱ्यांना तेव्हा सोन्याचा भाव आला होता. त्याने ते सगळं करून प्रतिज्ञापत्राला जोडायची वंशावळ काढली, अगदी नीट, प्रत्येक नावाला कागद. आणि मग हौसेने ती एका फुकट साइटवर टाकली जिथे सगळ्या जगाचं मिळून एकच झाड असतं आणि कोणीही कोणाला जोडू शकतं.

तिथे एक तिसराच माणूस आला, ना आमच्यातला ना मॉरिशसचा, असे लोक असतात, हजारो प्रोफाइल सांभाळतात. त्याने बघितलं की आमच्या झाडाच्या टोकाला असलेल्या खापरपणजोबांच्या बापाचं जे नाव तेच मॉरिशसच्या उताऱ्यातल्या बापाचं नाव, जिल्हा तोच, वयं साधारण जुळतात, झालं, दोघे सख्खे भाऊ. नाव कुठलं तर जे कोकणात दर वाडीत दोघातिघांचं असायचं. आणि रत्नागिरी जिल्हा म्हणजे तेव्हा केवढा, देवगड, मालवण, वेंगुर्ला सगळं त्यात, सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ साली. म्हणजे पुरावा काय, तर "पुणे जिल्ह्यातला, बापाचं नाव रमेश" या धर्तीचा.

एकदा ते जोडलं गेल्यावर मग इतरांच्या झाडांत ते उतरत गेलं, कारण साइट स्वतःच सुचवते की तुमच्या या पूर्वजाचे आईवडील सापडलेत, जोडायचे का, आणि माणूस हो वर बोट ठेवतो. मी एकेक झाड उघडून सोर्स बघत गेले. याचा सोर्स ते झाड, त्याचा सोर्स हे झाड. वहीला वही साक्षी. एका झाडात तर पुढे शिवकालीन सरदारापर्यंत रेघ नेलेली, मध्ये एक बाई एकसष्टाव्या वर्षी बाळंत झालेली. आणि १८३० च्या आसपास जन्मलेल्या सगळ्यांचं जन्मस्थान "रत्नागिरी, महाराष्ट्र, भारत". महाराष्ट्र राज्य झालं १ मे १९६० ला. चौकटीत दोन अक्षरं टाकली की कॉम्प्युटर पुढचं भरतो आणि कोणी पुसत नाही, त्यामुळे असं जन्मस्थान दिसलं की मी समजते, इथे कागद बघून लिहिलेलं नाही.

मग त्या शिक्षकांच्या भाचीनेही टेस्ट केली, तीही आमच्या आईशी जुळली, तिने दोन्ही झाडं शेजारी ठेवली, दोन्हींत सामाईक पूर्वज दिसला, हिरवी खूण लागली. डीएनए खरा, उतारा खरा, मामेभावाची वंशावळ खरी, आणि तिन्ही मिळून काढलेला निष्कर्ष हवेत. ही गोष्ट मला आईला समजवायला दोन दुपारी लागल्या आणि शेवटी ज्याने समजली ते सांगते. मी कागदावर आईच्या मागे चार पिढ्या काढल्या. आईबाप दोन, आजीआजोबा चार, पणजोबा पणज्या आठ, खापरपणजोबा पणज्या सोळा. वंशावळीत या सोळांपैकी नाव कितींचं आहे? एकाचं. बाकी पंधरा रिकामे. मॅच या सोळांपैकी कोणाकडूनही आलेला असू शकतो, आणि आम्ही तो एका नावावर चिकटवला कारण तेवढंच नाव आम्हाला माहीत होतं.

यात आपल्या वंशावळींचा दोष मोठा आहे आणि तो कोणी बोलत नाही. जातपडताळणीची वंशावळ तर बापाकडूनच चालते, तिचं कामच ते. पण मोठमोठे छापील कुलवृत्तांत घ्या, त्यातही मुलगी म्हणजे एक नाव आणि कुठे दिली ते, बऱ्याचदा तेवढंही नाही. शिवाय लग्नात नाव बदलायचं. माझ्या पणजीचं माहेरचं नाव काय होतं हे आईलाही माहीत नाही, सासरी तिचं नाव लक्ष्मी की सरस्वती यावरही दोन मतं आहेत. कागदातून बाई दोनदा पुसली जाते आणि डीएनए मात्र तिचा पुरुषाइतकाच पुढे येतो.

तर आता तपासायचं कसं. दोन गोष्टी केल्या.

पहिली, आणखी नातेवाईकांच्या टेस्ट. आईच्या वडिलांकडची सख्खी चुलतबहीण मेलबर्नला असते आणि आईच्या आईकडचा सख्खा मामेभाऊ टोरोंटोला. दोघांना गळ घातली. मामेभाऊ पटकन तयार झाला, चुलतबहिणीला डेटाची भीती, आणि ती अगदीच खोटी नाही, २०२३ मध्ये ट्वेंटीथ्री अँड मीमधून सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. थुंकी तुमची असली तरी तिच्यात भावंडांचीही माहिती असते, त्यांना विचारलं पाहिजे. असो, ती शेवटी टोपणनावाने तयार झाली.

निकाल आला. मेलबर्नच्या मावशीचा मॉरिशसशी मॅच शून्य. टोरोंटोच्या मामांचा ३८, आणि महत्त्वाचं म्हणजे तो १९ चा मोठा तुकडा आई, टोरोंटो आणि मॉरिशस तिघांतही त्याच गुणसूत्रावर त्याच जागी. म्हणजे तो तुकडा आईला तिच्या आईकडून आलेला दिसतो, वडिलांकडून नाही. आणि हिरवी खूण होती वडिलांच्या घराण्यावर!

पण घाई करू नका, मीही केली नाही. चौथ्या पिढीतले कझिन निम्म्याच्या आसपास वेळा एकही तुकडा शेअर करत नाहीत, खरे नातेवाईक असूनही. तेव्हा मेलबर्नच्या शून्यावरून वडिलांकडचं नातं नाहीच असं म्हणता येत नाही. आणि आईच्या आईवडिलांची गावं खाडीच्या दोन काठांवर, त्यांच्यात आधीच चार सोयरिकी झालेल्या, कोणाचा तुकडा कोणाकडून आला कोण सांगणार.

म्हणून दुसरी गोष्ट, वाय गुणसूत्र. हे बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं, बायकांचा संबंध नाही. झाडाचा दावा काय होता, मॉरिशसला गेलेला माणूस आणि आमचे खापरपणजोबा सख्खे भाऊ. मग त्या माणसाचा बापाकडून बापाकडून आलेला वंशज, म्हणजे हे शिक्षक, आणि आमच्या खापरपणजोबांचा तसाच वंशज, म्हणजे मामाचा मुलगा, यांचं वाय जुळलंच पाहिजे. दुबईच्या मामेभावाने, म्हणजे वंशावळवाल्याच्या धाकट्या भावाने, टेस्ट केली. वायवरून बापाकडच्या वंशांचे मोठमोठे गट पाडतात, तर तो निघाला एच गटाचा, शिक्षक आर टू गटाचे. दोन्ही गट भारतात भरपूर आहेत, पण त्यांचा सामाईक बाप हजारो वर्षांपूर्वीचा, शिवाजी महाराज, यादव, सातवाहन सगळ्यांच्या कितीतरी मागे. सख्खे भाऊ शक्यच नाही. आमच्या घराण्यात मध्ये कोणी दत्तक आला असेल तर गोष्ट वेगळी, मामाला विचारलं तर तो म्हणाला, "आमच्यात दत्तक घेण्याएवढी जमीन कोणाकडे होती?" हा युक्तिवाद मला सगळ्या रिपोर्टांपेक्षा पटला.

दरम्यान मोठा मामेभाऊ त्र्यंबकेश्वरला गेला होता, आमच्या उपाध्यायांच्या नामावळीत पणजोबांची नोंद निघाली, त्यात खापरपणजोबांचे दोन भाऊ आहेत, मॉरिशसवाल्याचं नाव नाही. तिथे जाऊन जे सांगितलं तेच लिहिलेलं असतं, परागंदा झालेल्या भावाचं नाव कोणी सांगेलच असं नाही, म्हणून मी याला फार वजन देत नाही. पण ती वही कोणीतरी यजमानासमोर बसून लिहिलेली आहे, सोर्स म्हणून ती त्या सगळ्या झाडांपेक्षा वरची.

मी हे सगळं मुद्देसूद लिहून त्या तिसऱ्या माणसाला पाठवलं, जोड काढा म्हणून. त्याचं उत्तर आलं की डीएनए मॅच आहे ना मग नातं आहेच. आहेच, पण ते नाही! दोन वेळा समजावलं, मग सोडून दिलं. मामेभावाने आमच्या बाजूचं खापरपणजोबांच्या वरचं सगळं काढून टाकलं आणि तिथे टीप लिहिली, काय तपासलं, काय निघालं. बाकी झाडांत ते दोघे अजून सख्खे भाऊ आहेत आणि राहतील, साइट अजूनही मला अधूनमधून सुचवते की तुमच्या पूर्वजाचा एक भाऊ सापडलाय.

शिक्षकांना सांगायची मला धाकधूक होती. ते मजेत म्हणाले की म्हणजे आता मी मावशीच्या आईकडचा, मग तर मावशी म्हणतो ते जास्तच बरोबर. पण त्यांनाही मी सांगितलं की तुमच्याकडूनही हीच अडचण आहे, तुकडा त्या नंबरवाल्या माणसाकडूनच आला कशावरून, त्याच्या बायकोकडून आला असेल, तीही करारावर आलेली, तिचाही नंबर असणार. त्यांनी कधी बघितलाच नव्हता. आता मोकाच्या त्या इन्स्टिट्यूटकडे तिच्या उताऱ्यासाठी अर्ज केलाय. इकडे आईने आजीच्या माहेरच्या गावी कोण कोण म्हातारं शिल्लक आहे त्याची यादी केलीय, नाव, वाडी, आणि कोणाला ऐकू येतं कोणाला नाही यासकट. गणपतीत जाणार आहे ती, शिक्षकही यायचं म्हणतायत, त्यांची शाळेची रजा अडकलीय. आणि आईने मला बजावलंय की ती थुंकायची एक नळी बरोबर दे, तर मी तिला सांगतेय की भारतातून असे नमुने बाहेर पाठवायला नियम आहेत, तसं नाही चालत, ज्यांची मुलं नातवंडं इकडे आहेत तेवढी बघ फक्त.